तंजावरच्या मेळ्यात हरवलेला लाकडी नवरा

तंजावरला जायचं ठरलं त्याचं मूळ एका भांडणात आहे. 'उल्कानगर' नावाच्या कार्टून मालिकेच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन गट आहे, त्यात मी आहे. हो, मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, सोलापुरात माझं चष्म्यांचं दुकान आहे, आणि मी कार्टून बघते. ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्या. तर त्या गटात कुणीतरी लिहिलं की कॅप्टन ओर्विनला दुसऱ्या पर्वातच मारून टाकायला हवं होतं. माझं डोकं फिरलं. गटात सगळे इंग्रजीत लिहितात, पण रागात मला इंग्रजी सुचत नाही. मी सरळ मराठीत बोलून आवाजी निरोप पाठवला आणि त्या माणसाचं पार भुस्काट पाडलं. कुणाला काही कळलं नाही. फक्त एका बाईचं उत्तर आलं, तेही मराठीत, पण अशा मराठीत की मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

"कायला येवढं ओरडतेस? मी पण तुज्याच पक्षाची अहें."

ती इंदू. तंजावरची, विमा कंपनीत नोकरी करणारी, घरी मराठी बोलणारी. तिच्या घराण्यातले लोक कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. तिला देवनागरी वाचता येत नाही, मला तमिळ येत नाही, पण ओर्विनवर दोघींचा जीव. पुढे आमचं रोज बोलणं होऊ लागलं. यंदा आषाढात तिने कळवलं की तंजावरात पहिल्यांदाच चाहत्यांचा मोठा मेळा भरतोय, शनिवार-रविवार, लोक आपापल्या आवडत्या पात्राचा वेश करून येणार. "तू ये. मी तेथे कोलु मांडणारें. उल्कानगरचा कोलु." मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

कोलु म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा राग त्यावर उभा आहे. तिकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडतात, विषम संख्येच्या, आणि त्यांवर बाहुल्या बसवतात. बघायला येणाऱ्याने बाहुल्यांसमोर एखादं गाणं म्हणायचं, मग त्याला कुंकू, विडा आणि सुंडल मिळतं. सुंडल म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांची खोबरं घालून केलेली उसळ. सगळ्यांत वरच्या पायरीवर लाकडी नवरा-बायकोची जोडी असते, मरपाच्ची म्हणतात तिला. ती मुलीला लग्नात माहेरून मिळते आणि दरवर्षी तिला नवे कपडे शिवायचे असतात. एकदा मांडलेली बाहुली शेवटच्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाही. शेवटी एका बाहुलीला आडवं करून निजवायचं, की कोलु संपला.

प्रवासाचं थोडक्यात. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने चेन्नई, तिथे एग्मोर स्टेशन गाठायचं आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने तंजावर. आरक्षण करताना खालचा बर्थ मागून घ्या, नाहीतर माझ्यासारखं वरच्या बर्थवर पंख्याला डोकं घासत जावं लागेल. चेन्नईत मधला अख्खा दिवस मिळतो, पण उकाडा इतका असतो की मी तो प्रतीक्षालयात चिडचिड करण्यात घालवला. तंजावरला गाडी भल्या पहाटे पोचते. स्टेशनाबाहेर साध्या लॉजेस आहेत, हजाराच्या आत बरी खोली मिळते. रिक्षावाल्याशी आधी ठरवून घ्या. मी ठरवलं नव्हतं, त्यामुळे सकाळचं पहिलं भांडण तिथेच झालं.

इंदूने मला लॉजवर राहू दिलं नाही. घर पश्चिमेच्या बाजूला, दोन खोल्या आणि मागे विहीर. दारात तिची आई उभी होती, सत्तरीची, बारीक चणीची, कपाळ मोकळं. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "काकू, फार ऐकलंय तुमच्याबद्दल."

"मामी मण," त्या म्हणाल्या. "काकू मणटलं तर कोण की परकी वाटते. ये, कापी घे."

फिल्टर कॉफी, दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी, भात, वर साजूक तूप. पहिल्या घासाला मी प्रवासाचा सगळा राग विसरले. जेवताना माझी नजर भिंतीकडच्या मोठ्या लाकडी पेटीवर गेली. तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग रचलेला होता. इंदूने नंतर विहिरीपाशी हळूच सांगितलं, ती कोलुची पेटी. अप्पा, म्हणजे तिचे वडील, वारल्यापासून मामींनी ती उघडलेलीच नव्हती. जोडी आता कुणी सजवायची, असं म्हणत दर नवरात्र टाळत होत्या. आणि यंदा त्यांनी ठरवून टाकलं होतं की पेटी चेन्नईला मुलाकडे पाठवायची, सुनेला द्यायची.

"मला का नाही, मणून विचारटलं," इंदू म्हणाली. "तर मणाली, तू लग्न केलं नाहीस, तू खेळण्यांत रमतेस, तुला देवाच्या बाहुल्या कायला? अय्यो शुभांगी, मी लहानपणापासून तिच्याबरोबर पायऱ्या लावलें. दादाने कधी हातसुद्धा लावला नाही."

ती रडली नाही, पण बादली इतक्या जोरात आपटली की पाणी माझ्या पायांवर आलं. मग मला समजलं की हा मेळ्यातला कोलु नुसती हौस नव्हती. आईने एकदा येऊन बघावं, एवढ्यासाठी तिने सहा महिने रात्रीचं काम केलं होतं.

शनिवारी सकाळी मेळ्याला गेलो. तिरुची रस्त्यावरचं एक मोठं लग्नाचं कार्यालय भाड्याने घेतलं होतं. लग्नाची कमान तशीच, तिच्यावर मोरसुद्धा तसेच, खाली मालिकांच्या नायकांची पोस्टरं. जाणार असाल तर पास ऑनलाइन काढा असं संकेतस्थळ सांगतं. मी काढला होता. दारावर सांगितलं की ऑनलाइनवाल्यांची रांग वेगळी, आणि ती रांग उन्हात. ऑनलाइन न काढणारे सावलीतून आत जात होते. पासात जेवण आहे असं लिहिलं होतं. जेवण म्हणजे थंडगार बर्गर. मोठ्या देवळाच्या गावात, जिथे कुठल्याही खानावळीत केळीच्या पानावर पोटभर जेवायला मिळतं, तिथे यांनी थंड बर्गर वाटला. मी तो घेतला नाही. बाहेर पडून उजव्या हाताला चालत जा, मेस आहे, रसम मागून घ्या.

पण आतलं दृश्य मात्र बघण्यासारखं होतं. चांदीचा कागद गुंडाळलेले यंत्रमानव, पुठ्ठ्याचे पंख, कुणाच्या डोक्यावर प्रेशर कुकरचं झाकण. ओरत्तनाडूहून गावच्या बसने आलेली एक कॉलेजातली मुलगी 'उल्कानगर'मधली खलनायिका राखेची राणी होऊन आली होती. तिने तोंडाला खरीखुरी राख फासली होती. बसमध्ये शेजारची आजी तिला देवीचं येणं समजून हात जोडत होती म्हणे. लोक लाजत होते, पण दुसऱ्याने ओळखलं की फुलत होते. घरी कुणी विचारत नाही, इथे आल्यावर "अरे, तू बोल्टू ना!" म्हणून मिठी मारतात, यासाठीच माणसं असल्या मेळ्यांना येतात. मी पण त्यासाठीच गेले होते.

इंदूचा कोलु रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात होता. पायऱ्या घरच्याच, सागाच्या, पाच. आणि त्यांवर अख्खं उल्कानगर. तंजावरची डुलणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल, तळ गोल आणि जड, कितीही पाडली तरी उठून बसते. इंदूने कागदाचा लगदा आणि मातीचा तळ घेऊन त्याच रीतीने आपली पात्रं घडवली होती. कॅप्टन ओर्विन त्याच्या एका काचेच्या शिरस्त्राणात डुलत होता. त्याचा स्वयंपाकी यंत्रमानव बोल्टू हातात डाव घेऊन मान हलवत होता. खाली काचेच्या तुकड्यांची उल्का. मी एकटक बघत राहिले, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

आयोजकांचा माणूस कार्तिक नावाचा होता. बंगळूरचा, काळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, कानात यंत्र. सकाळी तो स्वतः येऊन इंदूला इंग्रजीत म्हणाला, "हेच हवं होतं आम्हाला. लोकल टच." मला तो शब्द तेव्हाच खटकला होता.

दुपारी इंदूने मोठं पातेलं उघडलं आणि सुंडल वाटायला सुरुवात केली. अट घरच्यासारखीच, आधी गाणं. आणि मग सुरू झाली मजा. राखेची राणी पुढे आली आणि मालिकेचं सुरुवातीचं गीत हात जोडून गायली. तिच्यामागे कुकरच्या झाकणवाला. त्याच्यामागे पंखवाले. भली मोठी रांग लागली. हरभऱ्याच्या द्रोणासाठी पोरं घसा फोडून गात होती आणि ओर्विन डुलत होता.

त्याच गर्दीत मामी उभ्या होत्या. रिक्षा करून एकट्याच आल्या होत्या, कुणाला न सांगता. इंदूचा हात पातेल्यातच थांबला. मामींनी पायऱ्या खालून वर बघितल्या, ओर्विनला बोटाने ढकलून पाहिलं, तो परत उभा राहिला.

"तळ कोण केलं?"

"मीच, अम्मा."

"माती चाळलीस?"

"होंव."

मामींनी तळाला बोट लावून पाहिलं. मग वरच्या पायरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वरती रिकामं अहे."

"हा खेळण्यांचा कोलु अहे अम्मा. खराखुरा नव्हे."

"पायऱ्या लावलीस. बाहुल्या बसवलीस. लोक गाणं म्हणतात, तू सुंडल देतेस. मग खराखुरा कसला असतो?" असं म्हणून त्या आल्या तशा निघून गेल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. लाल लाकडाची जोडी. नवऱ्याच्या अंगावरची चौकडीची लुंगी अप्पा होते तेव्हाची, मामींनीच शिवलेली. पेटी उघडली होती तर! त्यांनी चपला काढल्या, दोघांना पदराने पुसलं आणि सगळ्यांत वर शेजारी शेजारी बसवलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं असतं तर रडलो असतो.

संध्याकाळी आवरायच्या वेळी इंदू म्हणाली की जोडी रात्री घरी नेऊ. मामींनी साफ नकार दिला. पायरीवर बसवलेली बाहुली शेवटच्या संध्याकाळपर्यंत उचलायची नाही, मग पायरी घरात असो की मंडपात. इंदूने कार्तिकला विचारलं. तो म्हणाला, हॉलला कुलूप असतं, पहारेकरी असतो, कुणी हात लावणार नाही. तिने दोनदा विचारलं, त्याने दोनदा सांगितलं. मी शेजारी उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय.

रविवारी सकाळी आम्ही तिघी मोठं देऊळ बघून गेलो. देवळाबद्दल इथे लिहीत नाही. त्या दिवसाच्या यादीत मला ते बसवायचं नाही. सकाळी लवकर जा, दगड तापायच्या आत, एवढंच सांगते.

हॉलमध्ये शिरलो तर डावा कोपरा दिसेचना. तिथे प्लास्टिकच्या फुलांची कमान, गोल दिवा, आणि त्यासमोर फोटोसाठी रांग. चेन्नईहून कुणी रील करणारा प्रसिद्ध मुलगा येणार होता, त्याच्यासाठी जागा केली होती. मी म्हटलं कोलु हलवून दुसरीकडे मांडला असेल. मग इंदूने माझा दंड धरला. रंगमंचाला लाल गालिचा अंथरलेल्या पाच पायऱ्या लावल्या होत्या. गालिच्याच्या कडेखालून सागाचं लाकूड दिसत होतं. तिच्या पायऱ्या! आणि बूट घातलेली माणसं त्यांवरून धाडधाड वर-खाली करत होती.

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. आज हे लिहितानाही होतंय.

बाहुल्या कुठे आहेत ते कुणी सांगेना. शेवटी मागे सापडल्या, जिथे लग्नात भांडी घासतात त्या मोरीजवळ, भाजीच्या क्रेटमध्ये एकावर एक टाकलेल्या. जमीन ओली होती. बोल्टूचा रंग ओघळला होता, डावाचा लगदा झाला होता. उल्का फुटली होती. ओर्विन तेवढा क्रेटच्या बाहेर पडून तळावर उभा होता. जोडी नव्हती.

कार्तिक आला. "मॅडम, फक्त शिफ्ट केलंय," तो म्हणाला. "गेस्टची एंट्री डावीकडूनच लागते. ऐन वेळी ठरलं."

"काल दोनदा सांगितलंत हात लावणार नाही म्हणून!" मी कशीबशी इंग्रजीत म्हटलं.

"अंडरस्टँड मॅडम. पण हे डेकोरेशनच आहे ना. आम्ही कॉम्पेन्सेट करू. पुढच्या वर्षीचे पास देतो."

इंदू एकच वाक्य बोलत होती, तमिळमध्ये, मग इंग्रजीत, मग आमच्या मराठीत: जोडी कोठे अहे? जोडी कोठे अहे? तो म्हणाला लाकडी बाहुल्या ऑनलाइन मिळतात, लिंक पाठवा, मागवून देतो. लग्नात आईने दिलेली, नवरा गेल्यावर तीन वर्षं अंधारात ठेवलेली आणि काल पहिल्यांदा उजेडात आणलेली वस्तू हा माणूस लिंकवर मागवून देणार होता.

राखेची राणी आणि तिच्या मैत्रिणी वेश सावरत मोरीपासून गच्चीपर्यंत शोधत सुटल्या. तिलाच ती सापडली, लाकडी बायको, वायरींच्या खोक्यात पालथी. साडी फाटली होती, लाकूड धड होतं. नवरा मिळाला नाही. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली, असं पहारेकऱ्याने सांगितलं.

आम्ही दोघी मामींकडे बघायला घाबरत होतो. मला वाटलं, आता त्या म्हणणार, बघितलंस तुझ्या खेळण्यांचं? आता बायको उचलून घरी नेणार, पेटीत टाकणार, आणि पेटी चेन्नईला. इंदूलाही तेच वाटत होतं, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मामींनी लाकडी बायकोला हातात घेतलं. चालत पुढे गेल्या, चपला काढल्या आणि लाल गालिच्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या. बरोबर मधोमध. वर जाणारे थांबले, खाली येणारे थांबले.

कार्तिक धावत आला. "आंटी, प्लीज, गेस्ट पोचलेत."

मामींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला हाक मारली. "शुभांगी, मला ओरडायला येत नाही. जन्मभर आलं नाही. तू ओरड."

"कुठल्या भाषेत, मामी?"

"तुज्या. चांगली ओरडतेस, इंदू सांगटली."

मग काय. मी ओरडले. सोलापुरी मराठीत, पोटातून, त्या अख्ख्या हॉलमध्ये जिथे तिघींशिवाय कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. लोकल टच म्हणून बोलावता आणि मोरीत फेकता, तुमच्या पाहुण्याचे बूट आमच्या देवाच्या पायरीवर, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस आहे का नाही, आणि आणखी बरंच, जे इथे लिहिलं तर माझी मुलं वाचतील. ध्वनिक्षेपक कुणीतरी बंद केला होता, त्यामुळे माझाच आवाज घुमत होता. कार्तिक दोन पावलं मागे सरला. भाषा कळायची गरज नव्हती.

तेवढ्यात तो रीलवाला आला. कोवळा पोरगा, केसांना रंग. त्याने राखेच्या राणीला काय झालं ते विचारलं, तिने तमिळमध्ये भराभरा सांगितलं. पोराने खाली वाकून बूट काढले, हातात घेतले आणि बाजूच्या लोखंडी शिडीने वर चढला. त्याच्यावर माझा राग नाही. पण आयोजकांनी त्यानंतरसुद्धा कार्यक्रम वेळेत सुरू झाल्याचं जाहीर केलं, आणि दुपारी त्यांच्या पानावर शनिवारच्या कोलुचा फोटो टाकला. 'आमची संस्कृती, आमचा अभिमान.' फोटोत लाकडी नवरा दिसतो, चौकडीच्या लुंगीत. मी त्या फोटोखाली काय लिहिलं ते त्यांनी पुसून टाकलं.

गालिचा पोरांनीच ओढून काढला. मामींनी पायऱ्या ओल्या फडक्याने पुसल्या. शनिवारी गाणी म्हणताना सगळ्यांनी फोटो काढले होते, ते बघून कुकरच्या झाकणवाल्याने एकेक बाहुली जिथल्या तिथे लावली. भिजलेली, फुटलेली, तशीच. वर लाकडी बायको एकटी.

संध्याकाळी निजवायची वेळ झाली. बघायला बरेच जण थांबले होते. मामींनी लाकडी बायकोला उतरवलं, फाटक्या साडीतच आडवं केलं. नुसतं तेवढं पुरे होतं, रीतीप्रमाणे एक निजली की झालं. पण त्या हलल्याच नाहीत. तिच्या शेजारची रिकामी जागा बघत राहिल्या. मग त्यांनी हात लांब करून ओर्विनला उचललं आणि त्या जागेवर निजवलं.

ओर्विन उठून उभा राहिला.

पोरं हसली. मामींनी त्याला परत आडवं केलं. तो परत उठला, डुलला, सरळ झाला. तिसऱ्यांदा त्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला, तो दाबून धरला, आणि हात काढताच तो उभा. आता कुणी हसत नव्हतं. मामींचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता.

"निजत नाही हा. असू दे. तिला निजू दे. आमचा मिळेपर्यंत कोणीतरी जागं असलं पाहिजे."

इंदूने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी बाहेर जाऊन त्या मोराच्या कमानीखाली रडले. रागाने रडले, लोकहो, वाईट वाटून नाही.

सोमवारी गाडी रात्रीची होती. इंदूने मला तिरुवैयारुला नेलं, जुन्या बसस्थानकावरून भरपूर बस मिळतात, भाडं किरकोळ. कावेरीला पाणी आलं होतं, दोन्ही बाजूंना भाताची हिरवी रोपं. तिथे मुगाच्या डाळीचा अशोका नावाचा हलवा मिळतो, तो चुकवू नका, हातावर तूप सुटतं. आम्ही घाटावर बसून तो खाल्ला. दोघींनी त्या दिवशी कोलुचं नाव काढलं नाही. येताना मामींनी माझ्यासाठी सुंडल बांधून दिलं आणि विचारलं, "पुना येतेस की?" मी हो म्हटलं.

सोलापूरला परत आले, दुकान उघडलं. हा लेख तेव्हाच लिहायला घेतला होता, पण पहिल्या मसुद्यात शिव्याच जास्त झाल्या. दुसराही तसाच. नवरा म्हणाला, राग उतरू दे मग लिही. राग उतरला नाही, म्हणून तसाच लिहिला. असल्या मेळ्यांना जा, आनंदाने जा, वेश करा, गा. पण तुमची मोलाची वस्तू त्यांच्या भरवशावर ठेवू नका. मी दर सोमवारी आयोजकांना एक ओळ पाठवते: लाकडी नवरा कुठे आहे? उत्तर येत नाही. मी थांबणार नाही.

नवरात्रात इंदूचा फोटो आला. घरातला कोलु, त्याच पायऱ्या, सगळ्या जुन्या बाहुल्या पेटीतून काढून मांडलेल्या. पेटी चेन्नईला गेली नाही. सुनेने कारण विचारलं तेव्हा मामींनी सांगितलं म्हणे, पायऱ्या लावणारी इथेच अहे. सगळ्यांत वर लाकडी बायको, नव्या जांभळ्या साडीत. तिच्या शेजारी, नवऱ्याच्या जागेवर, कॅप्टन ओर्विन. एका काचेच्या शिरस्त्राणात, आणि कमरेला मामींनी शिवलेली चौकडीची लुंगी.

इंदूला देवनागरी वाचता येत नाही म्हणून हा लेख मी तिला फोनवर वाचून दाखवला. मामीही ऐकत होत्या. संपल्यावर मामी म्हणाल्या, "अस्कट, सगळं बरोबर लिवलीस. सोमवारचं विसरू नकोस."